आमचं गाणं, परकी चाल

आमच्या वसाहतीत नोव्हेंबर महिना जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. कर्नाटक राज्योत्सवाची तारीख एक नोव्हेंबर खरी, पण त्या दिवशी मंडप मिळत नाही, ऑर्केस्ट्रा मिळत नाही आणि प्रमुख पाहुणे तर मिळतच नाहीत. सगळ्या बंगळूरला एकाच दिवशी कन्नडचा अभिमान वाटायला लागल्यावर दुसरं काय होणार? मग ज्याला जेव्हा मंडप मिळेल तेव्हा तो अभिमान बाळगतो. गेल्या वर्षी आमच्या अभिमानाला संक्रांत उजाडली होती. लोकांनी एका हाताने तीळगूळ वाटला आणि दुसऱ्या हाताने कन्नडमाता भुवनेश्वरी देवीच्या फोटोला हार घातला.

या वर्षी मात्र आमच्या कन्नड संघाचे अध्यक्ष होन्नप्पा यांनी कुठून कोण जाणे, नोव्हेंबरातल्याच शेवटच्या रविवारचा मंडप पटकावला. होन्नप्पांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. गळ्यात कन्नड झेंड्याचं, हळदी-कुंकवाच्या रंगाचं उपरणं घातल्याशिवाय हा माणूस दुधाची पिशवी आणायलाही बाहेर पडत नाही. "चेलुवय्या, शेवटचा रविवार पक्का!" असं ते जिन्यातूनच ओरडले आणि मी कॅलेंडर पाहिलं. त्याच दिवशी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पुरी होत होती.

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. रेशीम खात्यात अधीक्षक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं, की कुठलीही गोष्ट स्वतःहून सुरू करू नये. फाईल आपल्या टेबलावर आली तर पुढे सरकवावी, नाही आली तर चहा प्यावा. पण सुगुणाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्या आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं, "मला काही नको. साडी नको, हॉल नको, केक तर नकोच नको." पंचवीस वर्षं संसार केलेल्या कुठल्याही नवऱ्याला विचारा. बायको इतक्या वेळा 'नको' म्हणाली की समजावं, काहीतरी हवं आहे.

आणि मला आमचं गाणं आठवलं.

आमचं एक गाणं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला, शिडलघट्ट्याला गेलो होतो. तिथल्या टुरिंग टॉकीजमध्ये आम्ही दोघांनी पहिला सिनेमा पाहिला. आम्ही दोघांनी म्हणजे आम्ही दोघं, सासू-सासरे, तीन मेहुण्या, एक आत्या आणि आत्याची शेजारीण. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण आमच्या घरात ते सध्या घेत नाहीत. त्यात एक गाणं होतं. ऊटीच्या उतारावर नायक पिवळी शाल गुंडाळलेल्या नायिकेमागे धावतो आणि म्हणतो, 'हो म्हणू नकोस गं, नुसती मान हलव.' दोन कडवी ती बाई नुसती पळते. तिसऱ्या कडव्यात मान हलवते. मी अंधारात हळूच सुगुणाकडे पाहिलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अहो, नव्या नवरीच्या डोळ्यांत प्रेमाच्या गाण्याला पाणी! मी पार विरघळलो.

तेव्हापासून ती ते गाणं गुणगुणते. तांदूळ निवडताना, कुकरची शिट्टी व्हायची वाट बघताना, आणि विशेषतः मला ऑफिसातून उशीर झाला की गॅलरीत उभी राहून बस थांब्याकडे बघताना. शब्द कधी ऐकू यायचे नाहीत, फक्त चाल. पण मला शब्दांची काय गरज? मी खालून येता येता ऐकायचो आणि मनाशी म्हणायचो, बाई अजून मान हलवतेय. दिवसभर साहेबाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला तेवढं पुरतं.

तर ठरवलं, हे गाणं राज्योत्सवाच्या स्टेजवरून स्वतः म्हणायचं. पहिल्या रांगेत सुगुणा. हॉलही नको, केकही नको. मी होन्नप्पांकडे गेलो.

"गाणं? एकच ना?" होन्नप्पा एका पातेल्यावर टिचकी मारत म्हणाले. "मग घ्या की! घरचंच कार्य आहे. फक्त एक करा. तुम्ही सरकारी माणूस. लाउडस्पीकरची परवानगी तेवढी काढून आणा. तुम्हाला काय, तुमच्या हातचा मळ!"

रेशीम खातं आणि लाउडस्पीकर यांचा काय संबंध, हे मला विचारता आलं नाही. मी सरकारी माणूस आहे हे ऐकून मला बरं वाटलं होतं, तेच नडलं.

पोलीस ठाण्यात लिखापढीचं काम शिवनंजप्पा नावाचे हवालदार बघतात. त्यांनी माझा अर्ज वाचला, उलटा केला, परत सुलटा केला.

"ऑर्केस्ट्रा आहे म्हणता?"

"होय."

"कीबोर्ड कोणाचा? सॅमसनचा?" त्यांनी उठून दार लोटलं. माझा हात आपोआप पाकिटाकडे गेला. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, डोळे मिटले आणि एक आख्खं गाणं म्हणून दाखवलं, पुरुषाचंही आणि बाईचंही. "कसं वाटलं, सार?"

"उत्तम," मी म्हणालो. ठाण्यात बसून माणूस आणखी काय म्हणणार?

"मग मला एक डुएट द्या. परवानगी झाली समजा. फक्त वॉर्ड ऑफिसचं ना-हरकत आणा."

वॉर्ड ऑफिसात ना-हरकत देणाऱ्या साहेबांची मुलगी नाच शिकत होती. तिचा सगळा वर्ग नाच शिकत होता. मंडपाच्या खांबांसाठी रस्ता खणायचा असेल तर तो वर्ग स्टेजवर यायला हवा, असं साहेबांनी मोठ्या आदबीने सुचवलं. विजेच्या तात्पुरत्या जोडणीसाठी गेलो, तर तिथले गृहस्थ पौराणिक नाटकातले संवाद म्हणणारे निघाले. दुर्योधन, भीम आणि कृष्ण, तिन्ही आवाज स्वतःच. मी तिन्ही ऐकले, उभ्याने. एवढंच सांगतो, आमच्या भागात कोणी टेबलाखालून काही मागितलं असं मी आजवर पाहिलं नाही. तिथे फक्त कला सादर करतात.

सगळ्या परवानग्या घेऊन मी परतलो तेव्हा कार्यक्रम भरगच्च झाला होता. "वा वा, चेलुवय्या! काय काम केलंत!" होन्नप्पा म्हणाले. "तुमचं गाणं बसवू कुठेतरी. चिंता करू नका."

इकडे माझा रियाज सुरू झाला होता. हे मी गुपचूप करत होतो असा माझा समज होता. खालच्या मजल्यावरच्या जयशीलम्मा जिन्यात भेटल्या. "बाथरूममध्ये म्हणू नका हो, पाइपातून आमच्या स्वयंपाकघरात येतं. परवा दूध नासलं," असं म्हणून त्यांनी वर सल्ला दिला, की आलं चघळा. समोरच्या घरातले म्हणाले, आलं मुळीच नको, लोणी खा. सॅमसन, आमचा कीबोर्डवाला, चर्चमध्येही वाजवतो आणि बारशालाही. त्याने माझं गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "सार, सूर तुम्हीच लावा. मी येतो शोधत." मी आलंही खाल्लं, लोणीही खाल्लं. आवाज तसाच राहिला, पोट बिघडलं.

अशात घोडं भलत्याच ठिकाणी अडलं. संघाचे चिटणीस तिम्मरसय्या मास्तर हे निवृत्त कन्नड प्राध्यापक. बारीक अंगकाठी, जाड चष्मा, आणि 'बंगळूर' हा शब्द कोणी इंग्रजी वळणाने उच्चारला की त्यांना जेवण जात नाही. त्यांनी ठराव मांडला, की यंदा व्यासपीठावरून अस्सल कन्नडच ऐकू आलं पाहिजे. रिमेक सिनेमातली गाणी बंद. परभाषेतून उचललेली चाल असेल, तर तीही बंद.

"शब्द कन्नड असले तरी?" होन्नप्पांनी विचारलं.

"शब्द कन्नड, पण चाल परकी. दुसऱ्याची पँट घालून लग्नाला जाण्यातला प्रकार आहे हा," मास्तर म्हणाले.

ठरावावर चर्चा करायला सभा भरली ती आमच्या घरी, कारण आमच्या घरची कॉफी चांगली असते. सुगुणा आत उप्पिट्टू परतत होती. लग्नाच्या वाढदिवसासाठी म्हणून माझ्या सासूबाई, चौडम्मा, सकाळीच शिडलघट्ट्याहून टोमॅटोची थैली घेऊन उतरल्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. म्हणजे आपण बोलतो ते ऐकू येत नाही, आपण बोलू नये ते बरोबर ऐकू येतं.

सभेत एकेका गाण्याचा निकाल लागू लागला. पहिलं गाणं घेतलं, तर कोणीतरी म्हणालं ही चाल तमिळ. दुसरं घेतलं, ते हिंदीतून आलेलं. तिसरं अस्सल कन्नड म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात सॅमसनने खाकरून सांगितलं की ते त्याच्या चर्चमध्ये नाताळला म्हणतात, फार जुनं आहे. शिवनंजप्पांचं डुएटही रिमेकमधलंच निघालं. मास्तरांनी चष्मा पुसला. "हवालदारांचा अपवाद करू," ते म्हणाले. "कायदा व सुव्यवस्था हा वेगळा विषय आहे."

मग माझी पाळी आली, आणि इथे मी भाषण ठोकलं. नुसतं 'होय, अस्सल आहे' म्हणून भागलं असतं. पण नाही! मी उभा राहिलो. "मास्तर," मी म्हणालो, "मी मंड्याचा. माझ्या घराण्यात सात पिढ्यांत दुसरी भाषा कोणाच्या तोंडाला लागलेली नाही. हे गाणं माझ्या संसाराचा पाया आहे. आणि तो पाया शंभर टक्के कन्नड आहे!" टाळ्या पडल्या. मला चेव आला, आणि मी पहिली ओळ म्हणून दाखवली. 'हो म्हणू नकोस गं...'

उंबऱ्यातून सासूबाईंनी मान वर केली.

"अगोबाई, हे तर आपलं बसचं गाणं!" त्या म्हणाल्या. आणि हातातल्या शेंगा खाली ठेवून, खणखणीत आवाजात, त्यांनी ते सबंध गाणं म्हटलं. तेलुगूत! शिडलघट्टा आंध्राच्या सीमेजवळचं, तिकडच्या घराघरात तेलुगू बोलतात. सासूबाई-सुगुणाही आपसात बोलतात, त्यात नवल नाही. पण नोव्हेंबर महिन्यात, राज्योत्सवाच्या सभेत, भुवनेश्वरी देवीच्या फोटोखाली, तिम्मरसय्या मास्तरांच्या तोंडावर! चाल तीच. कणभरही फरक नाही. फक्त ऊटी नाही, शाल नाही, कोणी मान हलवत नाही. त्यातलं मला जेवढं कळलं ते असं: 'बस गेली, धूळ राहिली, तू मागे वळून नाही पाहिलंस.'

तिसरं कडवं संपेपर्यंत होन्नप्पांच्या हातातली कॉफी गार झाली.

"हे... विरहगीत आहे," मास्तर सावकाश म्हणाले.

"मग! काय रडका सिनेमा होता तो," सासूबाई खुशीत आल्या. "कन्नडमध्ये नंतर काढला, त्यात शेवटी लग्न लावून टाकलं मेल्यांनी. मूळचा बघायचा तर तिकडे आंध्रात, मदनपल्लीला जावं लागायचं. आमची सुगुणा मैत्रिणींबरोबर जाऊन बघून आली होती ना. लग्नाच्या आधी. रडून रडून डोळे असे सुजले होते. मग दोन दिवसांनी परत गेली तोच बघायला!"

स्वयंपाकघरात उप्पिट्टूचा झारा थांबला. मी तिकडे पाहिलं. सुगुणाने गॅस बारीक केला.

आता मला सांगा, यात माझ्या अब्रूचं काय उरलं? संघात हसू झालं ते झालं. दुसऱ्या दिवशी जयशीलम्मांनी जिन्यात विचारलंच, "पाया तेलुगू निघाला म्हणे?" ते सोडा. पण पंचवीस वर्षं माझी बायको गॅलरीत उभी राहून माझ्यासाठी मान हलवत नव्हती. ती कुठल्यातरी बसमधून गेलेल्या माणसासाठी रडगाणं म्हणत होती! नुसत्या सिनेमासाठी कोणी इतकं रडतं का? मी घामाघूम होऊन ऑफिसातून यायचो, हातात भाजीची पिशवी, आणि वर गॅलरीत हे! कोण होता तो? मदनपल्लीचा? का गेला बसमधून? आणि माझ्यापेक्षा उंच होता की काय?

संध्याकाळी मी विषय काढला. "सुगुणा, ते बसचं गाणं..."

"टोमॅटोचं सार करू की आंबटगोड गोज्जू?" ती म्हणाली.

"लग्नाच्या आधी तू मदनपल्लीला..."

"अहो, पंचवीस वर्षांनी आता पंचनामा करताय का? हवालदारांबरोबर बसून बसून सवय लागलीय." आणि ती आत निघून गेली. जाता जाता तिच्या तोंडून चाल सुटली, सवयीने, आणि मध्येच थांबली. पंचवीस वर्षांत ती चाल मध्येच थांबलेली मी पहिल्यांदा ऐकली. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

मी होन्नप्पांना जाऊन सांगितलं, माझं गाणं रद्द करा. खरं तर मला वाटत होतं की ते 'छे छे' म्हणतील. ते म्हणाले, "बरं झालं बाबा, नाहीतर मलाच सांगावं लागणार होतं." इतका राग आला! ठाण्यात, वॉर्डात, वीज कचेरीत मी उभा राहिलो, दुर्योधन ऐकला, भीम ऐकला, आणि माझंच गाणं रद्द?

माझा चेहरा बघून असेल, होन्नप्पा मास्तरांकडे गेले. मास्तर मनाने वाईट नाहीत. त्यांनी दोन दिवस विचार करून तोडगा काढला आणि तो स्वतः सांगायला आमच्या घरी आले. "चेलुवय्या, आक्षेप कशाला आहे? चाल तेलुगू आणि शब्द कन्नड, या मिश्रणाला. तर शब्द काढून टाकू. सॅमसन नुसती चाल वाजवेल. बिनशब्दांच्या चालीला कुठली भाषा आहे हे कोणाच्या बापाला सांगता येणार नाही. ठरावही राहतो आणि तुमचं गाणंही."

"आणि मी?"

"तुम्ही स्टेजवर उभे राहा. कार्यक्रमात तुमचं नाव आहे."

"उभा राहून काय करू, मास्तर?"

"मान हलवा. तालावर."

आतून सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. त्यांना हे बरोबर ऐकू गेलं होतं.

नाही म्हणणार होतो. आईशप्पथ, नाहीच म्हणणार होतो. पण सुगुणा कॉफीचे कप न्यायला बाहेर आली आणि मास्तरांना म्हणाली, "उभे राहतील ते. मी शर्ट इस्त्री करून ठेवते." त्या संध्याकाळनंतर या विषयावर ती बोललेली ही एवढीच दोन वाक्यं. मी मान खाली घातली. त्यानंतर आठवडाभर सॅमसन रोज संध्याकाळी येऊन चाल वाजवायचा आणि मी आरशासमोर उभा राहून मान हलवायचो. या वयात मानेलाही रियाज लागतो. एकदा लचकली. जयशीलम्मांनी पाइपातून काही आलं नाही म्हणून चौकशी केली.

रविवार उजाडला. प्रमुख पाहुणे चारला येणार होते, म्हणजे सहाच्या आधी येणार नव्हते. साडेपाचच्या सुमाराला उन्हं तिरपी होऊन मंडपात शिरली होती. खुर्च्या रांगेत मांडलेल्या, आणि पहिल्या रांगेत फक्त सुगुणा आणि सासूबाई. मागे वॉर्ड ऑफिसच्या साहेबांची मुलगी आणि तिचा वर्ग घुंगरू बांधत होता. शिवनंजप्पा गणवेशात, कोपऱ्यात बाईच्या आवाजात सराव करत होते. होन्नप्पा धावत आले. "चेलुवय्या, आत्ताच उरकून घ्या! पाहुणे आले की जागा मिळायची नाही." उरकून घ्या! पंचवीस वर्षांचा संसार आणि हा म्हणतो उरकून घ्या.

मी स्टेजवर चढलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पिवळा-तांबडा बिल्ला. समोर माईक, आणि माईकवर बोलायचं नाही. सॅमसनने माझ्याकडे पाहून डोळा मारला आणि सूर धरला.

मी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, समेवर खाली. रिकाम्या खुर्च्यांसमोर, मुक्याने, आपल्याच लग्नाच्या वाढदिवसाला, दुसऱ्या कोणाच्या तरी विरहाच्या चालीवर. मला माझीच इतकी कीव आली, की डोळे भरून आले. बसा आता घरी, मी मनात म्हणालो, मोठे आले होते गाणं म्हणायला.

आणि दुसऱ्या कडव्याला सुगुणाने गाणं उचललं.

खुर्चीत बसूनच, पदर सावरत, आधी हळू आणि मग मोकळ्या गळ्याने. तेलुगूत. पंचवीस वर्षं जे तिने तोंडातल्या तोंडात ठेवलं होतं, ते पहिल्यांदा शब्दांसकट बाहेर आलं. सासूबाईही मिळाल्या. शिवनंजप्पा थांबले. मास्तर मंडपाच्या दारात झेंड्याची दोरी बांधत होते, ते गर्रकन वळले. मला वाटलं, आता हा माणूस कीबोर्डची वायर काढणार. पण मास्तर दोरी हातात धरून तसेच उभे राहिले. संपल्यावर होन्नप्पांना म्हणाले, "ठराव स्टेजवरच्या लोकांसाठी आहे. प्रेक्षकांनी काय म्हणावं यावर आपला ताबा नाही."

मी खाली उतरलो आणि सुगुणाशेजारच्या खुर्चीत बसलो. मनात ठरवलं होतं की विचारायचं नाही. विचारलंच. "कोण होता गं तो? बसमधला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही घरात साखर असून मी साखर कुठे आहे विचारतोय.

"पांढरा शर्ट घातला होता," ती म्हणाली. "मंड्याहून मुलगी बघायला आला होता. दोनदा उप्पिट्टू मागून घेतलं, वर गोड म्हणून केसरीबात. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. 'कळवतो' म्हणाला आणि संध्याकाळच्या बसने गेला. मी खिडकीत उभी होते. बस वळेपर्यंत उभी होते. मागे वळून बघेल म्हटलं."

मी माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं.

"चार महिने कळवलं नाहीत तुम्ही. आई म्हणाली, गेलं हे स्थळ, विसर आता. मैत्रिणी म्हणाल्या, चल सिनेमाला, मन रमेल. नेलं ते नेमकं त्याच सिनेमाला."

"अगं, मी... बसमध्ये खिडकीची जागा धरत होतो. एक जाडा माणूस घुसत होता. त्यामुळे मागे..." हे सांगताना मलाच कळत होतं की हे काही खरं नाही. "आणि चार महिने म्हणजे, आईचं पत्रिकेवर अडलं होतं. शेवटी होकार आला की नाही? पत्र आलं ना?"

"तुमच्या आईचं आलं. त्यांच्या अक्षरात. 'आमची पसंती आहे' असं. तुमचं कुठे आलं?" सुगुणाने माझ्या शर्टावरचा बिल्ला सरळ केला. "तुम्हाला ऑफिसातून उशीर झाला की मला अजून वाटतं, आज काही हा माणूस येत नाही. मग येते ती चाल तोंडात. तुम्ही आजपर्यंत हो म्हणालाच नाहीत."

मागे होन्नप्पा ओरडत होते, पाहुण्यांची गाडी आली, पहिली रांग मोकळी करा, चेलुवय्या उठा. घुंगरू वाजायला लागले होते. सासूबाईंनी होन्नप्पांना हाताने थांबवलं आणि त्यांना ऐकू येत नाही असं दाखवत दुसरीकडे बघत बसल्या.

घुंगरांच्या गजरात माझं 'हो' तिला ऐकू गेलं नसतं. मग मी मान हलवली. आठवडाभराचा रियाज होताच.